परतीची तारीख कोरी ठेवा

जून-जुलै आला की पुणे, नाशिक, सांगली, छत्रपती संभाजीनगर इथल्या ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो: ‘वन-वे करू की रिटर्न?’ समोर बसलेले आई-वडील कर्जाचे कागद, विद्यापीठाची अनामत, व्हिसाची फी, आरोग्य विमा या साऱ्यातून नुकतेच बाहेर पडलेले असतात आणि त्यांना आता आकडेमोडीचा कंटाळा आलेला असतो. एजंट संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवतो. जाण्या-येण्याचे तिकीट एकेरीच्या दुप्पट नसते, पुष्कळदा दीडपटीच्या आसपास असते. ‘येणार तर आहेच ना परत!’ असे म्हणून कोणीतरी पुढच्या डिसेंबरातली किंवा मेमधली एक तारीख सुचवते, आणि ती तिकिटावर छापून येते. त्या घरात त्या दिवशी घेतलेला हा एकमेव निर्णय असा असतो, ज्याला कसलाही आधार नसतो. परतीची तारीख ठाऊक नसेल तर परतीचे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तारीख नंतर बदलता येते’ हे उत्तर माझ्या कानावर आहे. त्याचा हिशेब पुढे मांडतोच. पण आधी ही तारीख मुळात कोण ठरवते ते पाहू.

ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईहून लंडन, लीड्स किंवा ग्लासगोला गेलेला विद्यार्थी कागदोपत्री सप्टेंबर २०२६ मध्ये मोकळा होतो. प्रत्यक्षात प्रबंध ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सादर होतो, तो तपासून परीक्षा मंडळाच्या बैठकीत गुण कायम व्हायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो, आणि अनेक विद्यापीठांचा पदवीदान समारंभ त्याहीनंतर होतो. बारा महिने किंवा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम संपल्यावर आणखी चार महिने चालतो. या चार महिन्यांतच, ब्रिटनमध्ये राहूनच, शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या ‘ग्रॅज्युएट रूट’ व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, आणि विद्यापीठाने ‘याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला’ असे गृहखात्याला कळवल्याखेरीज तो अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज केल्यावर निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकले की अर्ज मागे घेतला असे धरले जाते. निकालाला साधारण आठ आठवडे लागू शकतात. त्यात या तुकडीच्या वाट्याला आणखी एक पेच आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळणार आहेत. म्हणजे परीक्षा मंडळाची बैठक नोव्हेंबरात झाली की जानेवारीत, यावर सहा महिन्यांचा मुक्काम अवलंबून. अशा मुलाने ‘२० डिसेंबर, लंडन-मुंबई’ असे तिकीट सव्वा वर्ष आधी काढून ठेवावे, अशी अपेक्षा करणाऱ्याला मी तरी व्यवहारी म्हणणार नाही.

अमेरिकेची गोष्ट आणखी गमतीची आहे. तिथे विमानतळावर उतरलेल्या एफ-१ विद्यार्थ्याच्या प्रवेश नोंदीत मुदतीच्या रकान्यात तारीख नसते. तिथे ‘डी/एस’ ही दोन अक्षरे असतात आणि त्यांचा अर्थ, विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेल तोवर. ज्या देशाचे अधिकारी माणसाच्या बोटांचे ठसे, समाजमाध्यमांवरची खाती आणि बँकेतली शिल्लक सारे तपासून पाहतात, त्यांनीही परतीच्या जागी आकडा लिहिलेला नसतो. (ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या गृहसुरक्षा खात्याने ही पद्धत बदलून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणजे अनिश्चिततेत आणखी एक भर.) अभ्यासक्रम संपला की साठ दिवसांची सवलत, त्या काळात किंवा त्याआधीच्या नव्वद दिवसांत ‘ओपीटी’चा, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचा अर्ज, मग बारा महिने काम, विज्ञान-अभियांत्रिकीची शाखा असेल तर आणखी चोवीस. मधल्या काळात घरी यायचे तर पासपोर्टावरचा व्हिसा जिवंत हवा. तो संपला असेल तर मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळेल की नाही, हा नवा घोर. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेक अर्जदारांसाठी बंद झाली आणि शक्यतो स्वतःच्या देशातच मुलाखत द्यावी असा नियम आला. त्यामुळे ‘दिवाळीला चार दिवस येऊन जातो’ हे वाक्य आता सहज उच्चारण्यासारखे राहिलेले नाही. जर्मनीत नियत सत्रांपेक्षा एखादे सत्र जास्त लागणे नवलाचे नाही, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. एकूण काय, परतीची तारीख विद्यापीठ, परदेशी गृहखाते आणि अजून न भेटलेला मालक असे तिघे मिळून ठरवतात. चौथा पक्ष असलेल्या विमान कंपनीला मात्र आपण ती आधीच सांगून मोकळे होतो.

आता तिकीट हातात घेऊन पाहू. ई-तिकिटाच्या छापील प्रतीवर प्रवासी नाव, उड्डाण क्रमांक आणि सामानाच्या वजनाकडे पाहतात. त्याच ओळीत पुष्कळदा ‘नॉट व्हॅलिड आफ्टर’ असा एक चिंचोळा रकाना असतो, त्याकडे कोणी पाहत नाही. बहुतेक कंपन्यांचे तिकीट काढल्यापासून किंवा पहिला प्रवास सुरू झाल्यापासून एक वर्ष चालते. सवलतीच्या दरात हा काळ आणखी कमी, कधी तीन किंवा सहा महिने असतो. शिवाय कंपन्या जागांची विक्रीच साधारण अकरा-बारा महिने आधी खुली करतात. म्हणजे सप्टेंबरात निघून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात येणाऱ्याची खरी तारीख तिकिटाच्या चौकटीत बसतच नाही. दोन वर्षांची एमएस करणाऱ्याची तर त्याहून नाही. एजंट मग ‘आत्ता मेची टाकू, नंतर बदलू’ म्हणतो. ही बदलण्याची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एकाच विमानाच्या एकाच इकॉनॉमी वर्गात दहा-बारा दर असतात, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असते, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळ्या अक्षरांचे पैसे मोजलेले असतात. तुमचे सवलतीचे तिकीट स्वस्त अक्षरातले. डिसेंबरच्या मध्यात मुंबईकडे येणाऱ्या विमानात ते अक्षर कधीच संपलेले असते. मग तारीख बदलताना बदलाची फी तर लागतेच, पण तिच्याहून मोठा असतो तो दरातला फरक. ‘फ्री डेट चेंज’ असे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, तेव्हा फुकट असते ती फक्त फी. फरक द्यावाच लागतो.

समजा, मुंबई-लंडन एकेरी तिकीट चाळीस हजारांचे आहे आणि जाण्या-येण्याचे बासष्ट हजारांचे. परतीसाठी बावीस हजार पडले, म्हणजे अठरा हजार वाचले, असे घरचे मानतात. पुढे तारीख बदलावी लागली, आठ हजार फी आणि चौदा हजार फरक भरला, तर परतीचा प्रवास चव्वेचाळीस हजारांना पडला. तेवढ्यात त्या वेळी हव्या त्या कंपनीचे, हव्या त्या वेळेचे नवे एकेरी तिकीट आले असते. आणि वर्षाची मुदत उलटून गेली असेल तर बावीस हजार पाण्यात. हे आकडे उदाहरणाचे आहेत. स्वतःचे आकडे घालून हीच बेरीज एजंटासमोर करून पाहावी. तारीख हललीच नाही तर अठरा हजारांचा फायदा होतो, हे मी मान्य करतो. मात्र ती हलणार नाही यावर अठरा हजारांची पैज लावण्याइतकी खात्री कोणत्या घराला आहे, एवढाच माझा प्रश्न.

यावर चतुर माणसे म्हणतात, कधीकधी जाण्या-येण्याचे तिकीट एकेरीपेक्षाही स्वस्त मिळते. ते काढावे आणि परतीचा भाग सोडून द्यावा. असे दर असतात हे खरे. कंपन्यांना हा व्यवहार आवडत नाही, आणि अनेकींच्या अटींत तिकिटातला प्रवास अर्धवट सोडल्यास दर नव्याने आकारण्याचे कलम असते. लुफ्तान्झाने ओस्लो-सिॲटल तिकिटाचा शेवटचा टप्पा सोडून देणाऱ्या एका प्रवाशावर चक्क दावा लावला होता. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तो फेटाळला, आणि कंपनीने अपील केले. विद्यार्थ्याने कोर्टाची भीती बाळगावी असे यात काही नाही. तरीही लक्षात ठेवायचा नियम उलट्या बाजूचा आहे. शेवटचा टप्पा सोडला तर सहसा काही बिघडत नाही, पण पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. जातानाचे विमान व्हिसा उशिरा आल्यामुळे हुकले आणि कंपनीला आधी कळवले नाही, तर मेमधले परतीचे आसनही त्याच क्षणी गेले. सोडून दिलेल्या टप्प्याबद्दल एक मात्र करावे: भाडे परत मिळत नसले तरी न वापरलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क भारतीय कंपन्यांनी परत करावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मागितल्याशिवाय ते सहसा मिळत नाहीत. मागावेत.

व्हिसाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. २७ मे २०२५ ला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि १८ जूनला नव्या तपासणीच्या नियमांसह पुन्हा सुरू केल्या. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणाऱ्यांसाठी हे तीन आठवडे म्हणजे ऐन पेरणीत पावसाने दडी मारावी तसे होते. व्हिसा हातात पडेपर्यंत अंतिम तिकीट काढू नका, असे अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतःच अर्जदारांना सांगते. ज्यांनी आधीच जाण्या-येण्याचे तिकीट काढले होते त्यांना पुढे ढकलताना दोन्ही बाजूंचा हिशेब पुन्हा करावा लागतो. एकेरी तिकीटवाल्याचे नुकसान एका बाजूपुरते.

दुसरा धोका कंपनीचा आणि आकाशाचा. परतीचे तिकीट आगाऊ काढणे म्हणजे विमान कंपनीला दहा-बारा महिन्यांसाठी बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज देणे. जेट एअरवेजची मुंबईहून लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिसला थेट विमाने होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री कंपनीचे शेवटचे विमान उतरले आणि पुढच्या तारखांची तिकिटे हातात असलेले प्रवासी दिवाळखोरीच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. ३ मे २०२३ ला गो फर्स्टचेही तेच झाले. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली, ती नियमितपणे सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेत परतणाऱ्या विद्यार्थ्यांनी खिशात परतीचे तिकीट असूनही नवे तिकीट काढले. लंडनहून सुमारे पन्नास हजार आणि अमेरिकेहून सुमारे एक लाख रुपये, असा तो दर होता. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले आणि युरोप-अमेरिकेचे मार्ग लांबले. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने काही तास हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोहामार्गे निघालेले शेकडो मैल दूरच्या विमानतळांवर अडकले. अशा वेळी जवळ रोख पैसे असलेला माणूस दुसऱ्या वाटेने निघतो. तिकीटवाला कंपनीच्या ईमेलची वाट पाहत बसतो.

मोठा आक्षेप इमिग्रेशनचा. ‘परतीचे तिकीट नसेल तर विमानतळावर अडवतील,’ ही धास्ती घरोघर असते, आणि काही एजंट ती जपतातही. पर्यटक व्हिसाचा नियम विद्यार्थी व्हिसाला चिकटवल्यामुळे हा गोंधळ होतो. युरोपच्या अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसासाठी परतीचे आरक्षण दाखवावे लागते, हे खरे. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर निघालेल्याकडून मात्र प्रवेशपत्र, व्हिसा, पैशांचा पुरावा, अमेरिकेसाठी आय-२०, असे कागद अपेक्षित असतात. शिकून परत जाण्याचा इरादा अमेरिकी अधिकारी मुलाखतीत तपासतो. तिथे मे महिन्याचे रद्द करता येणारे तिकीट दाखवून तो पटत नसतो. या भीतीवर गावोगाव ‘डमी तिकिटा’चा धंदा चालतो. हजार-दोन हजारांत चार दिवस टिकणारे आरक्षण विकायचे, तेही गरज नसलेल्याला. खोट्या कागदाने परदेशातल्या शिक्षणाची सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही.

आईच्या जिवाला लागलेला घोर हा यापेक्षा अवघड आक्षेप, कारण तो तर्काने सुटत नाही. परतीचे तिकीट हा त्या घराला दिलासा असतो: मूल अमुक दिवशी दारात उभे राहणार. शिवाय अचानक काही दुखले-खुपले, घरी काही बरे-वाईट झाले, तर पोराकडे यायला पैसे असतील का, ही काळजी खोटी नाही. पण तातडीच्या प्रसंगी मेचे तिकीट फेब्रुवारीत कामाला येत नाही. कामाला येतात ते परतीच्या भाड्याएवढे पैसे, वेगळ्या खात्यात ठेवलेले, जे विद्यार्थ्याला एका फोनवर वापरता येतील आणि एरवी ज्यांना हात लावायचा नाही असे ठरलेले आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परदेशी शिक्षणाचा प्रवासखर्च धरलेला असतोच; कर्जाच्या अर्जात परतीचे भाडे मागायचे की नाही, ते शाखेत विचारून घ्यावे. आणि हे लक्षात असू द्यावे की मूल तिथे राहायला लागले की त्याच्या प्रवासाची दिशाच उलटते. सुटीत घरी येणाऱ्याला लंडन-मुंबई-लंडन असे जाण्या-येण्याचे तिकीट लागते, आणि त्या वेळी दोन्ही तारखा पक्क्या असल्यामुळे ते स्वस्तही पडते. मुंबईहून सुरू झालेले जुने तिकीट परतीला वापरले, तर पुन्हा जाण्यासाठी एकेरी तिकीट काढायचे, आणि तीच साखळी पुन्हा.

परतीची तारीख विद्यार्थ्याच्या हातात नसते, याचा मराठी इतिहासातला सर्वांत मोठा दाखला बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईला यावे लागले. स्वतंत्र बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके टॉर्पेडोने बुडाली. लंडनच्या संस्थेने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. त्यांची परतीची तारीख पैशाने ठरवली. आजची राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जाण्याचा आणि अभ्यासक्रम पूर्ण करून परतण्याचा विमानखर्च धरते, ही तिची मोठी बाजू आहे. अशा विद्यार्थ्यांनी तिकीट काढण्याआधी योजनेच्या अटी वाचाव्यात, माझे म्हणणे नंतर.

अपवाद आहेत. एका सत्राच्या देवाणघेवाणीसाठी निघालेली, जानेवारीत जाऊन जूनमध्ये इथल्या महाविद्यालयात परीक्षेला बसणार असलेली मुलगी जाण्या-येण्याचेच तिकीट काढेल, आणि काढावे. उन्हाळी शाळा, सहा आठवड्यांचे संशोधन, परिषद, यांनाही हेच लागू. तिथे तारीख महाविद्यालयाच्या पत्रावर छापलेली असते. ज्यांना परतीच्या महिन्याचा तरी बऱ्यापैकी अंदाज आहे, त्यांनी तारीख बदलण्याची सवलत असलेला दर घ्यावा, मात्र त्या सवलतीत फीबरोबर फरकही माफ आहे का, हे लेखी विचारून. विद्यार्थ्यांसाठीच्या खास दरांत जादा सामान मिळते, आणि भाजणी, गोडा मसाला, प्रेशर कुकर घेऊन निघालेल्यांना ते उपयोगीही पडते. हे दर एकेरी तिकिटावरही मिळतात, हे एजंट आपण होऊन सांगत नाहीत.

कंपन्यांकडून फार मोठ्या सुधारणांची अपेक्षा नाही. दर त्यांनी ठरवावेत, बाजार आहे. पण तिकिटाची शेवटची वैध तारीख परतीच्या तारखेशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायला काय हरकत आहे? आणि ‘फ्री डेट चेंज’च्या खाली दरातला फरक द्यावा लागेल, हे एजंटाने तोंडाने सांगायला? महासंचालनालयाने एवढे दोन नियम केले, तरी एजंटाच्या टेबलासमोरचा तो प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटेल. तोवर हे काम घरच्यांनाच करायचे आहे. जाण्याला मुदत असते. वर्ग सुरू होण्याची तारीख, व्हिसाची तारीख, वसतिगृहाची तारीख. येण्याला यातले काही नसते. लंडनहून मुंबईला रोज विमाने सुटतात, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्याला स्वतःच्या घरी यायला व्हिसा लागत नाही.